आभाळ आलंय? मग कॅमेरा घे भावा

जूनमध्ये एकदा पावसाने जोर धरला की आमच्या कोल्हापूरच्या फोटोवाल्या ग्रुपवर फोटो यायचे बंद होतात. मग चार महिने नुसतं गुड मॉर्निंग, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले आणि पंचगंगा किती फुटावर आली. कुणाला विचारावं, काय ओ, कॅमेरा कुठाय, तर उत्तर ठरलेलं, "ऊनच नाही भावा, काढायचं काय?" मला हे कळतच नाही. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी हीच मंडळी रंकाळा तलावावर उभी राहून फोटो काढतात, माणसाच्या कपाळावर उजेडाचा भडका, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, पांढरा शर्ट पार जळालेला, आणि वर म्हणायचं काय भारी ऊन होतं. त्यापेक्षा आषाढातला करड्या आभाळाचा दिवस कधीही परवडला. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, म्हंजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

पहिलं उजेडाचं बघू. सूर्य कितीही अवाढव्य असला तरी इथनं बघताना तो एक छोटा ठिपकाच, त्यामुळे उन्हात उजेड एकाच बाजूनं येतो आणि सावली कडक पडते, कडा एकदम धारदार. ढग आले की तोच उजेड ढगात शिरून सगळीकडे फाकतो आणि अख्खं आभाळच दिवा होऊन बसतं. स्टुडिओत लाईटच्या तोंडाला पांढऱ्या कापडाचा तो मोठा सॉफ्टबॉक्स लावतात ना, तसला एक पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत फुकटात ताणलेला असतो. दिवा जेवढा मोठा तेवढी सावली मऊ. उजळ भाग आणि काळोखा भाग यातला फरक पण कमी होतो, म्हंजे एकाच फ्रेममध्ये पांढरं धोतर आणि काळी म्हैस दोन्ही नीट येऊ शकतात, जे उन्हात कॅमेऱ्याच्या बापाला जमत नाही.

आणि रंग. लोकांना वाटतं ढगाळ दिवशी रंग मरतात. उलट आहे. उन्हात पानावर, साडीवर, रंगवलेल्या भिंतीवर एक पांढरी चकाकी बसते, ती खालचा खरा रंग धुऊन काढते. ढगात ती चकाकी बरीच कमी होते. पाऊस पडून गेल्यावर पानांवरची धूळ पण गेलेली असते, तेव्हाचा हिरवा बघा एकदा, कुठल्या ॲपची गरज पडत नाही.

खरं उजेड कमी असतो हे मान्य करायला पाहिजे. जुन्या फिल्मवाल्यांचा हिशोब अजून चालतो: भर उन्हात एफ १६ (एफ म्हंजे लेन्सचं भोक, आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान) आणि शटर आयएसओएवढं (आयएसओ म्हंजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), म्हणजे आयएसओ १०० असेल तर साधारण सेकंदाचा शंभरावा भाग. ढगाळ असलं आणि सावली पडतच नसली तर एफ ८. आभाळ गच्च भरलं असलं तर एफ ५.६. सोळावरून साडेपाचवर येणं म्हणजे तीन स्टॉप, एका स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे उजेड उन्हाच्या साधारण आठव्या हिश्शावर आला. डोळ्याला हे कळत नाही कारण डोळा लगेच सवय करून घेतो, खरं कॅमेऱ्याला कळतं, आणि मग हललेले फोटो येतात आणि दोष लेन्सला. आयएसओ ४००, ८०० करायला लाजू नका. थोडा दाणा आलेला फोटो चालतो, हललेला नाही चालत.

तर हे झालं वहीतलं. आता गावातलं.

कोल्हापूर जिल्ह्यात ढगाळ दिवस म्हणजे एकच प्रकार नसतो हे आधी डोक्यात बसवा. सह्याद्री सगळं बाष्प आधी स्वतःवर घेतो, त्यामुळे गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरकडं ढग रस्त्यावरच उतरलेले असतात, समोरची एसटी दिसत नाही. शहरात आलात की एकसारखं करडं झाकण, सकाळी सात आणि दुपारी तीन यात काही फरक नाही. आणि पूर्वेला शिरोळ, नरसोबाची वाडी, खिद्रापूरकडं गेलात तर ढग फाटलेले, मधनं ऊन, एखाद्या उसाच्या फडावर उजेडाचा पट्टा पडलाय आणि मागं काळंकुट्ट आभाळ. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, दोन-अडीच तासांच्या अंतरात तीन वेगळे दिवे. म्हणून "आज ढगाळ आहे, कुठं जाऊ" असं विचारलं की मी आधी विचारतो, काय काढायचंय?

माणसं काढायची असतील तर शहर सोडू नका. आणि आषाढात तर मुळीच नाही, कारण त्र्यंबोलीची जत्रा असते. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी इथल्या गल्ल्या, तालमी, मंडळं पंचगंगेचं नवीन आलेलं पाणी कलशात भरून टेंबलाईच्या, म्हंजे त्र्यंबोलीच्याच टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर ओततात. पुढं पी ढबाक, म्हंजे आपलं पारंपरिक वाद्य वाजत असतं, डोक्यावर कलश घेतलेल्या पोरी, मागं गल्लीतल्या बायका, आणि वरनं भुरभुर. मला विचाराल तर कोल्हापुरातला माणसांचे फोटो काढायचा हा सगळ्यात भारी प्रसंग, आणि बहुतेक फोटोवाले त्या दिवशी घरी कारण काय तर आभाळ आलंय.

उन्हात डोक्यावर कलश असला की त्याची सावली थेट कपाळावर आणि नाकावर पडते. चेहरा अर्धा कापलेला. ढगात ती सावली पसरून जवळजवळ दिसेनाशी होते. आणि पितळी कलश बघा, उन्हात त्यावर एक जळालेला पांढरा डाग येतो, त्या डागात काहीच माहिती नसते, एडिटिंगमध्ये कितीही ओढा तिथं काही निघत नाही. ढगाळ दिवशी त्याच कलशावर अख्खं आभाळ वाकून बसलेलं दिसतं, वर फिकट, खाली गल्लीतली घरं, छत्र्या, आणि जवळ गेलात तर तुम्ही स्वतः.

फक्त एक अडचण असते, ती बऱ्याच जणांना कळत नाही. आभाळ डोक्यावर असतं म्हणून ढगाळ दिवशी पण उजेड वरूनच जास्त येतो. माणूस सरळ उभा असला की भुवयांच्या खाली, हनुवटीच्या खाली एक मऊ काळोखी येते आणि चेहरा थकल्यासारखा दिसतो. उपाय साधा आहे, माणसानं जरा वर बघितलं पाहिजे. आता जत्रेतल्या बायकांना "मावशी, जरा वर बघा" म्हणत फिरलात तर त्या तुम्हालाच वर पाठवतील. म्हणून पायऱ्यांवर वरच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. चढणारा माणूस आपोआप वर बघतो. चेहरा आभाळाकडं होतो, डोळ्यात उजेड येतो, डोळ्यात तो छोटा पांढरा ठिपका येतो ज्यानं फोटो जिवंत वाटतो, आणि तुम्हाला काही बोलावं पण लागत नाही.

तिथं एका आज्जीनं मला हटकलेलं. पदर डोक्यावर, त्यावर प्लास्टिकची पिशवी अडकवलेली.

"काय रं, पेपरात येणार काय?"

"नाही ओ आज्जी, असंच."

"असंच म्हंजे? मग भिजतोयस कशाला?"

याला उत्तर नव्हतं. त्यांनी आपली पिशवी नीट केली, फोटोसाठी नव्हे, पावसासाठी, आणि मी तो काढला. निळी पिशवी आणि खाली सुरकुत्या. त्या सुरकुत्या उन्हात इतक्या खोल आल्या असत्या की माणूस चिडलेला वाटला असता.

दुसरा प्रकार म्हणजे दाराचा उजेड. ढगाळ दिवशी जुन्या घराचा सोपा म्हंजे ओसरी, देवळाचा मंडप, दुकानाचं शटर अर्धं उघडलेलं, यात माणूस उंबऱ्याच्या जरा आत उभा केला की वरचा उजेड छपरानं अडतो आणि समोरूनच येतो. चित्रकारांनी जन्मभर हेच केलंय. आपल्याकडं आबालाल रहिमान कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा याच भागात फिरून उजेड रंगवत बसायचे, टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, फोटोवाल्यांनी फोटोग्राफीच्या क्लासला जाण्याआधी तिथं एक चक्कर मारावी असं माझं प्रामाणिक मत. बाबूराव पेंटर तर नावातच पेंटर, आणि कॅमेरा इथंच कोल्हापुरात तयार करून त्यांनी सिनेमे काढले. या गावाला उजेड कुणी शिकवायची गरज नाही, आम्हीच विसरलो.

बरं, आता म्हैस.

हसू नका. ढगाळ दिवसाचा एक्सपोजर, म्हंजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, शिकायचा असेल तर गंगावेशीत जावा, जिथं म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून दूध देतात. काय होतं, कॅमेऱ्याचं मीटर थोडं बावळट असतं, त्याला समोर काय आहे कळत नाही, जे दिसेल त्याची सरासरी मधल्या करड्या रंगावर आणायची एवढंच त्याला शिकवलंय. त्यामुळे फ्रेमभर काळी म्हैस घेतलीत तर कॅमेरा म्हणतो अंधार आहे, उजेड वाढवतो, आणि म्हैस राखाडी येते. कोल्हापुरात म्हशीला राखाडी दाखवणं म्हणजे मालकाचा अपमान. तिथं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हंजे कॅमेऱ्यातलं उजेड कमी-जास्त करायचं प्लस-मायनसचं बटण, मायनस एकच्या आसपास न्यायचं. आणि हीच म्हैस लांबून घेतलीत, मागं पांढरं आभाळ अर्धी फ्रेम भरून, तर कॅमेरा म्हणतो उजेड लय झाला, तो कमी करतो, आणि म्हैस नुसता काळा ठोकळा होते, शिंगं कुठली आणि कान कुठला कळत नाही. तिथं प्लस एक, कधी त्याहून जास्त. एकाच म्हशीवर दोन्ही धडे होतात.

आणि ओली म्हैस ढगाळ दिवशी जशी दिसते तशी कधीच दिसत नाही. काळ्या कातडीचा आकार तुम्हाला तिच्या रंगावरून कळत नाही, तिच्यावर आभाळ किती कुठं चमकतंय त्यावरून कळतो. उन्हात ती चमक म्हणजे चार-दोन टोचणारे ठिपके. ढगात पाठीच्या कण्यावरून एक लांब, निळसर, मऊ पट्टा खाली पोटापर्यंत उतरत जातो, फासळ्या हलक्या दिसतात, शिंगाची वळणं दिसतात. मी मालकाला विचारलं, मामा, फोटो काढू का म्हशीचा. "काढ की, खरं मागनं जाऊ नगंस, लाथ मारती." फोटोग्राफीतला यापेक्षा उपयोगी सल्ला मला कुणी दिलेला नाही.

बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, झुली घालतात, तेव्हा पण आभाळ असतंच, तिथं पण हेच सगळं लागू. ऑईलपेंटचा रंग उन्हात चकाकतो, ढगात रंगासारखा दिसतो. जोतिबाच्या गुलालाचं पण तसंच. चैत्र यात्रेत भर उन्हात गुलाबी रंग इतका भडकतो की कॅमेऱ्यातला लाल चॅनेल पार भरून जातो आणि सगळा गुलाल एक सपाट डाग होतो, वळवाचं आभाळ आलं की मग त्यात कण दिसायला लागतात, उडणारा वेगळा, अंगाला बसलेला वेगळा.

दगडाबद्दल मात्र जरा सांभाळून. आपल्याकडं सगळं काळ्या दगडाचं, अंबाबाईचं देऊळ, १८८४ साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस, घाटावरची देवळं आणि दीपमाळा. पावसात भिजला की हा दगड अजून काळा पडतो आणि त्याच्या शेजारचा हिरवा, गुलाबी, भगवा कुठलाही रंग उठून दिसतो. तिथपर्यंत मस्त. खरं उथळ कोरीवकाम असलं, म्हंजे भिंतीवर फार बाहेर न आलेली नक्षी, तर ढगाळ उजेड तिचा खेळखंडोबा करतो. नक्षी दिसते ती सावलीमुळं, आणि सावलीच नाही तर सगळी भिंत पापडासारखी सपाट. त्यासाठी तिरकं ऊनच पाहिजे, सकाळचं नाहीतर संध्याकाळचं. इथं ढगाची बाजू घेण्यात अर्थ नाही.

पण खिद्रापूर त्याला अपवाद. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, त्याचा तो पुढचा स्वर्गमंडप, वर छताला मोठं गोल भोक, खाली गोल शिळा. उन्हाच्या दिवशी त्या भोकातनं एक जळजळीत गोल जमिनीवर पडतो आणि बाजूचे खांब काळे. तो फोटो पण लोक आवडीनं काढतात, काढू देत. आभाळ असलं की मात्र त्या गोलातून उजेड सगळीकडे सारखा झिरपतो, आणि मंडप चारी बाजूंनी उघडा असल्यामुळे बाजूनंही येतो, म्हणून खांबांवरचं काम गोल गोल वळताना दिसतं. आयएसओ थोडं वाढवा, खांबाला टेकून उभं राहा, कॅमेरा घट्ट धरा. पावसाळ्यात कृष्णेला पाणी असतं तेव्हा रस्ता चालू आहे का ते आधी विचारून निघा, नाहीतर नुसती वाडीची बासुंदी खाऊन परत. तेही वाईट नाही म्हणा.

आता पन्हाळा. तिथं धुकं म्हंजे ढगच असतो, आपण त्याच्या पोटात उभं असतो. धुक्यात लांबच्या गोष्टी फिकट आणि जवळच्या गडद, त्यामुळे खोली आपोआप मिळते: पुढं एक झाड, मागं त्याच्यापेक्षा पुसट बुरूज, त्याच्या मागं काहीच नाही. अट एकच, पुढं काहीतरी गडद पाहिजे. नुसतं धुक्याचं काढलं तर पांढरा कागद. ऑटोफोकस गोंधळतो, पुढं-मागं घिरट्या घालतो, त्याला एखादी कडा दाखवा, दगडाची, फांदीची, कशाची पण. तीन दरवाज्यात आत उभं राहून बाहेरच्या धुक्याकडं बघा, तिथं बाहेरून येणारा उजेड एकाच दिशेचा असतो, माणूस कमानीत उभा केला की झालं काम.

जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला हजारो लोक पावसातनं चालतात, १६६० च्या त्या रात्रीच्या आठवणीत. त्या वाटेवर मसाई पठार लागतं आणि तिथं मी रेनकोटच्या रंगावर जीव टाकतो. हिरवं पठार, करडं आभाळ, आणि रांगेत एक लाल, एक पिवळा, एक निळा पोंचो. तुमच्याबरोबर कुणी येणार असेल तर त्याला काळा रेनकोट घेऊ देऊ नका, पाया पडा पण लाल घ्यायला लावा. काळ्या रेनकोटमधला माणूस धुक्यात चालताना बुरशीचा ठिपका वाटतो.

आणि आभाळ. हे सगळ्यात महत्त्वाचं असताना मी इतक्या खाली लिहितोय. आभाळात आकार नसला, नुसता पांढरा चुना फासलेला असला, तर ते फ्रेममध्ये घेऊच नका. पांढऱ्या जागेकडं डोळा आधी जातो आणि तिथं बघण्यासारखं काही नसतं. कॅमेरा खाली झुकवा, जरा उंचावर चढा, झाडाची फांदी वर आणा, भिंत मागं घ्या. रंकाळ्यावर शालिनी पॅलेस काढताना लोक अर्धी फ्रेम आभाळ घेतात, त्यापेक्षा वारा नसेल अशा सकाळी खालचं पाणी घ्या. पाण्यातलं आभाळ बहुतेक वेळा वरच्यापेक्षा जरा गडद असतं, म्हणून ते निदान चांदीसारखं तरी येतं. आभाळात आकार असला, म्हंजे फाटलेले ढग, पाऊस येण्याआधीची ती जांभळट भिंत, तर मग उलट, जमीन एक पट्टी ठेवा आणि आभाळाला जागा द्या. शिरोळकडं हे जास्त मिळतं. उजेडाचा पट्टा सरकत येत असतो, तो आपल्या झाडावर येईपर्यंत थांबायचं, कधी येतो, कधी शेजारच्या फडावरनं निघून जातो.

पाऊस स्वतः दिसावा असं वाटत असेल तर मागं गडद काहीतरी पाहिजे, काळी भिंत, झाडी, छत्री. पांढऱ्या आभाळापुढं थेंब दिसत नाही. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवलं तर थेंब थांबल्यासारखे, साठाव्या भागाच्या आसपास ठेवलं तर रेघा. राऊतवाडीसारख्या धबधब्याला पाण्याची दुधाळ धार पाहिजे असेल तर पाव सेकंदाच्या आसपास, ट्रायपॉड नसेल तर दगडावर पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा. रविवारी जाऊ नका, पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात आणि सगळ्यांचे हात वर.

ओल्या पानांचे, ओल्या रस्त्याचे फोटो काढताना पोलरायझर लावा, म्हंजे लेन्सपुढं फिरवायची ती चमक मारणारी काच. तो फक्त निळ्या आभाळासाठी असतो असं समजून लोक पावसाळ्यात कपाटात ठेवतात. ओल्या पानावरची, पाण्यावरची चमक तो काढून टाकतो आणि खालचा हिरवा वर येतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढं धरून चाला. मोबाईल असेल तर पोलराईज्ड गॉगलची काच लेन्सपुढं धरून हळूहळू फिरवा, एका ठिकाणी पानावरची चमक जाते, तिथं थांबा. बघणारे हसतात. हसू देत.

संध्याकाळी महाद्वार रोडला मात्र चमक काढू नका, तिथं तीच पाहिजे. दुकानांचे दिवे लवकर लागलेले, ओल्या रस्त्यावर पिवळे-लाल ओघळ, आणि वर निळं पडत चाललेलं आभाळ. दिव्याचा उजेड आणि आभाळाचा उजेड सारखा होतो ती दहा-पंधरा मिनिटंच, नंतर वरचं सगळं काळं.

पुराचे फोटो, याबद्दल एवढंच सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे इथल्या पोराटोराला पाठ असतं, आणि पाणी वाढलं की शिवाजी पुलावर गर्दी. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या दारात उभं राहून कॅमेरा रोखणं मला जमत नाही, बातमीदाराचं काम वेगळं, ते त्यांनी करावं. आणि पाण्याच्या काठावर जाऊन तर अजिबात नको, खालची माती कधी सुटेल कळत नाही.

सामानाचं. पाऊस भुरभुर असला तर हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवा, पुढं लेन्सचं हूड लावा, खिशात जुन्या बनियनचा तुकडा. खरा शत्रू पाऊस नसतो, दमट हवा असते. जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेरा बॅगेत बंद करून महिनाभर कपाटात ठेवलात की लेन्समध्ये बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि एकदा काचेचा थर खाल्ला की साफ करून पण डाग राहतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक, चाळीस ते पन्नास टक्क्यांत काटा राहिला की झोपा निवांत. तांदळात ठेवायचं खूळ सोडा, तांदळाची धूळ आत जाते. आणि एसी गाडीतनं उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते, बॅगेतच थोडा वेळ राहू द्या.

घरी आल्यावर रंग. ढगाळ उजेड उन्हापेक्षा निळसर असतो, म्हणून कॅमेऱ्यात ढगाच्या चित्राचा व्हाईट बॅलन्स, म्हंजे रंगाचा तोल सांभाळायची सेटिंग, असते ती फोटो जरा पिवळट करते. माणसांना ते बरं दिसतं. धुक्याला नाही, धुकं पिवळं केलं की धूर वाटतो, तिथं निळसरच ठेवा. रॉमध्ये, म्हंजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढलं तर हे नंतर ठरवता येतं. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, काळे जरा खाली ओढा, कारण ढगाळ फोटो मुळात मऊ असतो. हिरव्याला मात्र हात लावू नका, तो आधीच भरपूर आहे, आणि आपल्याकडं हिरवा वाढवायचा रोग फार आहे, पन्हाळा प्लास्टिकचा केलाय लोकांनी.

हल्ली मोबाईलमध्ये एका बोटावर आभाळ बदलून मिळतं. ढगाळ दिवसाच्या फोटोत सरळ सूर्यास्त चिकटवायचा. परवा एकाचं प्री-वेडिंग बघितलं, रंकाळ्याच्या काठावर, मागं केशरी आभाळ, सोनेरी ढग, आणि खाली दोघं जण, चेहऱ्यावर एक थेंब केशरी नाही, जमिनीवर सावली नाही, पाणी करडं ते करडंच. सूर्य बरोबर डोक्यामागं आणि नाक समोरून उजळलेलं. खाली कमेंट, "नाद खुळा लायटिंग". लाईक पण मोजले मी, माझ्या म्हशीला इतके कधी पडले नाहीत.